निघालं तेवढंच

सुरुवातीच्या रेषेपासून शंभरेक पावलांवर भिंगरीने सायकल वळवली, उभं राहून दोन पायडल जोरात मारले, आणि मावशीच्या कानांनी तो आवाज टिपला. कट्. जरा थांबून पुन्हा कट्.

पोरगी हसत हसत आली आणि म्हणाली, चाक लोण्यासारखं पळतंय. मावशीने हसल्यासारखं केलं. चाळीस वर्षं सायकली दुरुस्त करणाऱ्या बाईला लोण्याचा आवाज कसा असतो ते ठाऊक होतं, आणि तो असा नव्हता.

घड्याळात आठ वीस झाले होते. शर्यत एकेकट्याची, घड्याळाशी. दर मिनिटाला एक मुलगी सुटायची, आणि एक्केचाळीस नंबरची भिंगरी आठ एक्केचाळीसला सुटणार होती. जिचं मिनिट चुकेल तिचं घड्याळ तिच्याविना चालू व्हायचं. पहिल्या सहा जणींना संघात जागा होती, आणि वयाच्या अटीप्रमाणे या गटातलं भिंगरीचं हे शेवटचं वर्ष. घरात सहा महिने दुसरा विषय नव्हता. भिंगरीची आई, म्हणजे मावशीची थोरली बहीण, ताई, त्यापायी रोज पहाटे स्कूटर घेऊन लेकीच्या मागे फिरली होती. नवं मागचं चाक तिनेच आणलं होतं आणि बसवायला बहिणीच्या हाती दिलं होतं. दुसऱ्या कुणाच्या हाती तिने ते दिलंच नसतं.

मावशीने सायकल उलटी करून मागचा गठ्ठा दोन बोटांत धरला. दातेरी चकत्यांच्या या गठ्ठ्याला हल्ली सगळे कॅसेट म्हणतात. तिने तो हलवला. कट्. नऊच्या नऊ चकत्या एका अंगाने डुलल्या, म्हाताऱ्याचा दात डुलावा तशा.

"काय झालं गं?" ताईने विचारलं.

मावशी म्हणाली, काही नाही, जरा आवळते. पिशवीतून पाने काढून तिने चाक खोललं आणि कॅसेटच्या तोंडावरचा नट आवळायला घेतला. पाना तसूभरही हलेना. नट आधीच हाडाला हाड लागल्यासारखा घट्ट बसला होता. तरी कॅसेट हलतच होती. नट घट्ट आणि खालचा माल सैल, हे कोडं तिने आजवर पाहिलं नव्हतं.

आठ पंचवीस. ताईचा आवाज चढू लागला. चाकच खोटं निघालं असणार, त्या दुकानदाराचं तोंडच तिला तेव्हा आवडलं नव्हतं, वगैरे. भिंगरी हेल्मेटचा पट्टा लावत होती, काढत होती.

मावशीने नट काढला, कॅसेट उतरवली आणि उघड्या हबकडे पाहिलं. हब म्हणजे चाकाच्या मध्यावरचा तुंबा, ज्याच्या खाचांवर चकत्या चढतात. काल हाच तुंबा तिने पाहिला होता. आज मात्र तो तिला लांब वाटला. जुन्यापेक्षा अगदी जरासा, दोन मिलिमीटरही नाही. हा अकरा चकत्यांसाठी घडवलेला होता आणि भिंगरीच्या कॅसेटला नऊच. गठ्ठा आखूड, तुंबा लांब. म्हणून नट चकत्यांवर न टेकता तुंब्याच्या कडेवर टेकत होता आणि तिला वाटत होतं, आवळलं.

मग मधली जागा भरायला काहीतरी हवं होतं. एक पातळ, बिनदातांची चकती. आणि तशी चकती काल तिच्या हातात होती.

तिला सगळं स्वच्छ आठवलं. चाकाच्या खोक्यात कागदाची लहान पुडी निघाली होती, तिच्यात ती चकती. दोन्ही बाजूंनी निरखून तिने ती बाजूला ठेवली. कारण जुन्या चाकावरून कॅसेट उतरवताना तशी चकती निघाली नव्हती, आणि दुकानात बाकाच्या वर भिंतीवर तिच्या वडिलांच्या, आप्पांच्या हातची पत्र्याची पाटी होती: निघालं तेवढंच बसवा. एक वॉशर जास्त नाही, एक कमी नाही. त्या पाटीखाली ती लहानाची मोठी झाली. काम संपल्यावर बाकावर एक जरी भाग उरला तरी आप्पा पूर्ण सायकल पुन्हा खोलायला लावायचे. पुढे तिनेही हाताखालच्या किती जणांना त्या पाटीकडे बोट दाखवून रडवलं होतं. निघालं नाही, म्हणजे बसायचं नाही. आणि दुकानाच्या किल्ल्यांना अडकवायला काही नव्हतं, म्हणून दोरीला तीच चकती बांधून ती मोकळी झाली होती.

तिने कमरेची पिशवी चाचपली. किल्ल्या होत्या. दोरीची गाठ सुटेना तेव्हा तिने ती दाताने तोडली.

आठ एकतीस. चकती तुंब्यावर सरकली आणि खाचांत अशी बसली की जणू जन्माला तिथेच आली होती. वर कॅसेट, वर नट. या वेळी नट फिरला, फिरला आणि मग चकत्यांना घेऊनच थांबला. मावशीने दोन बोटांनी गठ्ठा हलवून पाहिला. दगडासारखा.

पण तेवढ्याने भागणार नव्हतं. गठ्ठा बाहेरच्या अंगाला सरकला होता, आणि साखळी हलवणारा गिअरचा हात अजून जुन्या जागेचा हिशोब धरून होता. चाक बसवून मावशीने पायडल फिरवलं. साखळी दोन चकत्यांमध्ये अडखळत करकरली. तारेची घुंडी तिने दोन फेरे सैल केली. करकर थांबली. एक्केचाळीस नंबरने रेषेजवळ यावं, असा पुकारा झाला.

"मावशी, बोलावताहेत," भिंगरी म्हणाली.

राहिले होते दोन स्क्रू. एक आतल्या बाजूचा. तो तसाच राहिला तर चढावर मोठी चकती घेताना गिअरचा हात आत, आऱ्यांमध्ये जाणार, चाक जागीच अडकणार आणि पोरगी रस्त्यावर आदळणार. दुसरा बाहेरच्या बाजूचा. तो न सोडला तर उतारावर सगळ्यात लहान चकती मिळणार नाही. दोन्ही करायला वेळ नव्हता. मावशीने आतला धरला. पाव फेरा, पायडल, मोठी चकती, पुन्हा पाव फेरा. रेषेवरच्या घड्याळवाल्यांनी दुसऱ्यांदा नंबर पुकारला. अजून पाव फेरा. गिअरचा हात आऱ्यांपासून बोटभर लांब थांबला.

"लहान चकती मिळणार नाही," मावशीने सायकल सरळ करत सांगितलं. "उतारावर पाय जोरात फिरव. बाकी बिनधास्त जा."

भिंगरीने सायकल ओढली आणि पळतच रेषा गाठली. तिचं मिनिट लागून अठरा सेकंद उलटले होते.

पस्तीस किलोमीटर. बहिणी रस्त्याकडेच्या कठड्यावर तासभर बसल्या. मधे एक रुग्णवाहिका घाटाच्या दिशेने गेली आणि रिकामी परत आली, तोवर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. मग वळणावर लाल हेल्मेट दिसलं. भिंगरी मान खाली घालून आली, पाय गरगर फिरत होते, आणि चाकाचा आवाज म्हणाल तर फक्त वाऱ्याचा.

निकाल फळ्यावर लागला. सातवी. सहावीपेक्षा अकरा सेकंद मागे.

ताईने वजाबाकी मनातच केली. मग ती म्हणाली, उद्याच्या उद्या त्या चाकवाल्याच्या दुकानात जाऊन त्याची चामडी लोळवते, खोटा माल देतो मेला. भिंगरी गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. मान हलवून हो म्हणणं मावशीला फार सोपं होतं. ताईला हबमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

"त्याने चकती दिली होती, ताई," मावशी म्हणाली. "पुडीत होती. मी बसवली नाही. किल्ल्यांना बांधली."

ताईने पाण्याची बाटली उचलून लेकीला दिली आणि स्कूटरकडे चालू लागली. भिंगरी उठली, मावशीजवळ आली. सातवीला कधीकधी राखीव म्हणून नेतात, एवढंच ती म्हणाली.

दुकानात आप्पा खुर्चीत बसले होते. पोरगी पडली तर नाही ना, हे त्यांनी आधी विचारलं. मग मावशीने सगळं सांगितलं, पाटीकडे न बघता. आप्पांनी चष्मा पुसला.

"ती पाटी तुझ्या आईने लावायला लावली मला," ते म्हणाले. "रोज माझ्या खिशात दोन-चार वॉशर उरलेले सापडायचे तिला, धुताना. तेव्हा मागे एकच चकती असायची गं. उरलं काय नि राहिलं काय, सायकल चालायची."

"हे आधी सांगायचं होतं, आप्पा."

"तू मला कधी विचारलंस? तू तर पाटीलाच विचारत आलीस."

दुसऱ्या दिवशी ताई फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी सुटी किल्ली घेऊन कुलूप उघडत होती, तर पायरीशी भिंगरी उभी. सायकल तिने भिंतीला टेकवली होती. आत येता येता म्हणाली, आई अजून बोलत नाही, पण मी इकडे येतेय म्हटल्यावर नाही म्हणाली नाही.

"आणि मावशी," ती म्हणाली, "एक स्क्रू राहिलाय."

मावशीने पदर खोचला. पान्याला हात घालण्याआधी तिने मागचा गठ्ठा दोन बोटांत धरून हलवून पाहिला.