लोमला अडकलेली प्रत

मित्रांनो, माझ्या पानांवर छापील अक्षरे आहेत आणि त्यांच्या भोवती हाताने लिहिलेलीही जवळजवळ तेवढीच आहेत. मी एक जुनी कादंबरी आहे. माझे नाव 'धुक्यातले नावाडी'. चारशे बारा पाने, जाड पुठ्ठा, पुठ्ठ्यावर निळी नाव. प्लोव्दिव्ह शहरातल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. त्या दिवशी माझ्यासारख्याच दोन हजार प्रती बाहेर पडल्या. त्यांचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही.

माझ्यातली गोष्ट ओरिला नावाच्या मुलीची आहे. तिच्या गावाजवळून नदी वाहते आणि नदीच्या पलीकडे कायमचे धुके असते. एक सरदार नदीवर पहारा देतो आणि दिवस कलल्यावर एकही नाव सोडू देत नाही. ओरिलाचा भाऊ पलीकडे हरवला आहे. शिवाय तिच्यावर दोन मुलांचा जीव आहे, एक नावाडी आणि एक सरदाराचाच मुलगा. मोठी माणसे हे ऐकून हसतात. सोळा-सतरा वर्षांची मुले हसत नाहीत.

कालिना हसली नाही. तिने मला शाळेजवळच्या दुकानातून घेतले, दोन दिवसांत वाचले आणि तिसऱ्या दिवशी लाल पेन घेऊन पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. तिने ठरवले की मला एकटीने ठेवायचे नाही. इंटरनेटवर तिला माझे आणखी दहा चाहते भेटले, दहा वेगवेगळ्या गावांतले. त्यांनी स्वतःला 'समासातली मंडळी' असे नाव दिले. प्रत्येकाने एक रंग घ्यायचा, तीन आठवड्यांत मला वाचायचे, समासात मनातले लिहायचे आणि कुरियरने पुढच्याकडे पाठवायचे. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला कालिनाने नियम लिहिले. कॉफीचा डाग नको. शेवट आधी फोडायचा नाही. दुसऱ्याच्या रंगात लिहायचे नाही.

अशी मी गावोगाव फिरले. शहाण्णवाव्या पानावर नावाडी मुलगा ओरिलाशी खोटे बोलतो. तिथे कालिनाने लिहिले, "याला माफी नाही." खाली बुर्गासच्या यासेनने जांभळ्या शाईत लिहिले, "तुझ्याकडे माफी असते कुणाला?" त्याखाली आणखी सहा जणांनी भांडण केले आणि जागा संपली तेव्हा उरलेले भांडण सत्त्याण्णवाव्या पानावर नेले. दर मे महिन्यात मंडळी प्लोव्दिव्हच्या बागेत जमत. मुली ओरिलासारख्या वेण्या घालत. एका वर्षी यासेन सरदाराचे पुठ्ठ्याचे चिलखत घालून आला. उन्हाने डिंक सुटला आणि सरदार दुपारपर्यंत बनियनवर आला. मला मखमली कापडावर मधोमध ठेवत. ते दिवस चांगले होते.

अकरावी वाचक देनित्सा. तिचा रंग हिरवा, अक्षर मुंगीएवढे. ती डॅन्यूब नदीच्या काठावर लोम नावाच्या बंदराच्या गावात आजोबांजवळ राहायची. तिची आई इस्क्रा इटलीत बोलोन्याला एका म्हाताऱ्या बाईची शुश्रूषा करायची. वडिलांचे नाव त्या घरात कुणी घेत नसे. देनित्सा मेच्या मेळाव्याला कधी आली नाही. दर वर्षी ती शेवटच्या पानावर लिहायची, "पुढच्या वर्षी नक्की."

तिसऱ्या फेरीत मी तिच्याकडे पोहोचले तेव्हा सप्टेंबर होता. ऑक्टोबरमध्ये आईचा फोन आला, की जागा मिळाली आहे, शाळाही पाहिली आहे, आता निघ. आठवड्याभरात सगळे ठरले. देनित्साने बॅगेत मला ठेवले, बाहेर काढले, माझ्या जागी थंडीचे बूट कोंबले. निघताना ती आजोबांना म्हणाली, "हे पुस्तक तेवढं कुरियरला द्या हं. पत्ता आतच आहे."

"देतो, देतो," आजोबा म्हणाले.

त्यांनी पत्ता शोधण्यासाठी मला उघडले. हिरवी अक्षरे दिसली. त्यांनी मला मिटून फ्रिजवर ठेवले. दोन दिवसांनी पुन्हा खाली काढले, आणि मग मी पुढे कुठेच गेले नाही.

तिकडे काय चालले होते ते मला नंतर कळले. पाच आठवडे झाले, सहा झाले. कालिनाने सात निरोप पाठवले. देनित्साचा जुना नंबर बंद पडला होता आणि नवा कुणाकडे नव्हता. यासेन म्हणाला, "थांब जरा. काहीतरी झालं असेल." कालिना थांबली नाही. कादंबऱ्या वाचणाऱ्या चार हजार मुलामुलींच्या इंटरनेटवरच्या पानावर तिने देनित्साचा फोटो लावला आणि वर लिहिले, "ही चोर आहे. हिला पुस्तक देऊ नका." खाली लोकांनी लिहायचे ते लिहिले. त्यांच्यातले बहुतेक देनित्साला ओळखतही नव्हते.

मार्च महिन्यात कालिना सोफियाला गाडी बदलून लोमला आली. कुरियरच्या जुन्या पावतीवरून तिने घर शोधले. दार आजोबांनी उघडले. त्यांचे नाव स्टामेन. अठ्ठावीस वर्षे त्यांनी बंदरावर क्रेन चालवली होती, आणि आजही ते माणसाकडे वरून पाहावे तसे पाहायचे.

"देनित्सा आहे का?" कालिनाने विचारले.

"बोलोन्याला आहे. ऑक्टोबरपासून."

प्रवासभर पाठ केलेले भाषण आता कुणाला ऐकवायचे, हे तिला कळेना.

"आमचं एक पुस्तक होतं तिच्याकडे."

"आहे ना. आत ये. बूट काढ आधी."

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडी पडले होते. माझ्यावर एक भिंग होते आणि बाजूला शिसपेन्सिल. कालिनाने मला उचलले.

"हे मी घेऊन जाते, आजोबा."

"नाही."

"अहो, ते आमचं आहे!"

"असेल. माझी अजून नव्वद पानं राहिलीत."

कालिनाने पाने चाळली. पानोपानी पेन्सिलीचे मोठे, तिरके अक्षर होते. "तुम्ही यात लिहिलंत?"

"सगळ्यांनीच लिहिलंय. मला वाटलं, चालत असेल."

एक्केचाळिसाव्या पानावर ओरिला दोराने दगडी दार उचलते. तिथे आजोबांनी लिहिले होते, "हा दोर तुटेल. पोरगी मरेल. क्रेन आणा." एकशे तिसाव्या पानावर, जिथे सगळी मंडळी सरदाराला शिव्या देतात, तिथे लिहिले होते, "सरदाराचं बरोबर आहे. धुकं पडलं की आम्हीसुद्धा काम बंद ठेवायचो." आणि शहाण्णवाव्या पानावर, भांडणाच्या कोपऱ्यात जेमतेम मावेल असे, "लाल शाईवाली फार चिडते. जेवत नाही वाटतं वेळेवर."

कालिनाला हसायचे नव्हते, पण ती हसली. "लाल शाईवाली मीच."

"ते तू दार वाजवलंस तेव्हाच कळलं. बस. घेवड्याचं सूप आहे, जेव थोडं."

ती जेवली. आजोबांनी चष्मा पुसला आणि मला तिच्यापुढे सरकवले.

"एक काम कर पोरी. छापील अक्षर मला दिसतं. जांभळं दिसतं, लालही दिसतं. हिरवं फार बारीक आहे, भिंगानंसुद्धा जमत नाही. आणि मला तेच वाचायचंय. मी जागोजाग फुल्या मारून ठेवल्यात. तेवढं वाचून दाखव."

कालिना फुल्या शोधत वाचत गेली. बहुतेक ठिकाणी देनित्साने थट्टा केली होती. सरदाराच्या मुलाच्या केसांवर तिचे तीन परिच्छेद होते. आजोबा मधूनच म्हणायचे, "हे बरोबर बोलली," किंवा "ही आजीवर गेलीय." मग तीनशे अठरावे पान आले. तिथे ओरिला नावेत पाय ठेवते. कालिना थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. पुसट झालंय इथे."

"पुसट नाही झालेलं. रंग मला दिसतो, अक्षर दिसत नाही. वाच."

कालिनाने हळू आवाजात वाचले. "मला जायचं नाहीये. आजोबा सकाळपासून माझे बूट पुसताहेत. मी गेलेलंच त्यांना बरं वाटणार असेल, तर नाही कुणाला म्हणू?"

आजोबा उठले आणि भांड्यातले सूप ढवळू लागले. ढवळण्यासारखे त्यात काही उरले नव्हते.

"मी बूट पुसत होतो," ते पाठमोरे म्हणाले, "कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. तिला वाटलं, मला घाई झालीय."

कालिनाने मला मिटले. "आजोबा, मीपण तिचं वाईट केलंय." आणि तिने फोटोपासून सगळे सांगितले. चार हजार माणसांचा आकडाही लपवला नाही.

आजोबांनी शांतपणे ऐकून घेतले. "तू एकटीनं केलंस की सगळ्यांनी मिळून?"

"मी. यासेन नको म्हणाला होता."

"मग तो जांभळा शहाणा आहे. आणि आपण दोघं गाढव." ते खुर्चीत बसले. "वाच आता पुढचं. नव्वद पानं आहेत."

तिची परतीची गाडी निघून गेली. ती मुक्कामाला राहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने मला मोठ्याने वाचून संपवले. आजोबा प्रत्येक पानाशी वाद घालत होते. शेवटी ओरिलाला भाऊ सापडतो, पण तो तिला ओळखत नाही. तिथे ते ताठ बसले.

"एवढंच? पुढचा भाग कुठाय?"

"आपल्या भाषेत नाही आला. खप नव्हता म्हणे."

"मूर्ख लेकाचे," आजोबा म्हणाले. तोच शब्द मंडळीतल्या अकराही जणांनी प्रकाशकासाठी वापरला होता.

मग त्यांनी बोलोन्याला फोन लावला. कालिना बाहेर जायला उठली तर त्यांनी हातानेच तिला बसवले.

"देनी, तुझं हिरवं वाचलं मी," ते म्हणाले. "ऐकतेस ना? मला तुझी अडचण नव्हती गं. यायचं असलं तर ये. नसलं यायचं तर नको येऊस. पण माझ्यासाठी तिथं राहू नकोस."

पलीकडचा आवाज बारीक होता, पण स्वयंपाकघरात ऐकू आला. "आता वर्ष अर्ध्यावर आलंय, आजोबा. आणि आईला कसं सांगू?"

"आईला मी सांगतो. ती माझी मुलगी आहे. चिडेल, मग जेवेल."

कालिनाने फोन मागितला. आजोबांनी विचारले, "लाल शाईवाली आलीय इथं. बोलतेस?" ऐकून त्यांनी फोन कानापासून दूर नेला आणि ठेवून दिला. "नाही म्हणाली," ते म्हणाले.

निघताना कालिनाने मला नेले नाही. लाल पेन काढून तिने तीनशे अठराव्या पानावर, हिरव्या ओळींच्या खाली लिहिले, "मी तुला चोर म्हणाले. चूक माझी होती. मला माफ कर. कालिना." घरी पोहोचल्यावर तिने फोटो काढून टाकला आणि त्याच चार हजार जणांसमोर हीच वाक्ये लिहिली. चोर म्हणणारा निरोप सगळ्यांनी वाचला होता. माफीचा निरोप फार थोड्यांनी वाचला.

देनित्सा जुलैमध्ये आली. इस्क्रा चिडली होती, दोन महिने बापाशी बोलली नव्हती, पण तिनेच मुलीला बसमध्ये बसवून दिले. देनित्साने शाळेचे शेवटचे वर्ष लोमला करायचे ठरवले. पहिल्याच सकाळी तिने मला खिडकीत नेले आणि फक्त पेन्सिल वाचली. "क्रेन आणा" वर ती इतकी हसली की आजोबा खोलीतून विचारत आले, "कुठलं? कुठलं?"

तीनशे अठराव्या पानावर आजोबांनी एकच शब्द लिहिला होता, "राहा." त्याच्याजवळ तिने हिरव्या शाईत लिहिले, "राहते." मग तिने लाल ओळी वाचल्या, दोनदा वाचल्या. पेनाचे टोक त्यांच्या खाली टेकवले, थोडा वेळ तसेच धरले, आणि टोपण लावले.

आता मी लोमलाच असते. मंडळी तिथे पत्रे पाठवतात, चाहते म्हणून आजोबांनाही बाराव्या जागेवर घेतले आहे. माझी शिवण सैल झाली आहे, पाने उलटताना दोन गळाली, ती देनित्साने चिकटवली. नव्या कादंबऱ्यांच्या मालिका आल्या, त्यांच्यासाठी मुले नव्या वेण्या घालतात. त्याची मला तक्रार नाही. पुस्तकाचे एवढे होणारच.

मित्रांनो, पुस्तके नीट हाताळा, ती वेळेवर परत करा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळे सांगते. कुणी पुस्तक परत केले नाही, तर त्याचे नाव चारचौघांत घेण्याआधी एकदा त्याच्या घरी जाऊन या. लांब असले तरी जा. कालिना गेली, पण पाच महिने उशिरा गेली. तिच्या लाल ओळींखालची दोन बोटे जागा अजून कोरी आहे.