चार भोकांचं बटण

म्हाताऱ्या शिंप्याच्या घरात देव पाहुण्यासारखा येऊन जाऊन असे. शिंप्याचे वडील कडक भाविक. ते पोरवयातल्या शिंप्याला रोज पहाटे कान धरून प्रार्थनेला बसवत. शिंप्याच्या लेकीने पंधराव्या वर्षी "देवबिव काही नसतं!" म्हणून असं दार आपटलं, की ते अजून नीट लागत नाही. आता तिचीच लेक पंधराची झाली आणि म्हणाली, "आई, उद्यापासून मी पहाटे प्रार्थना करणार."

"कुणाच्या नादी लागलीस?"

"देवाच्या."

"बाबा, सांगा हिला काहीतरी!"

बाबा काय सांगणार? वर्षभर नात त्यांच्याशी 'हं' आणि 'माहितीये' यापलीकडे बोलली नव्हती. तीच आता लाडात येऊन म्हणाली, "आजोबा, बसाल माझ्याबरोबर?" तिच्या सोबतीसाठी शिंपी निखाऱ्यावरही बसला असता. इथे तर नुसती फरशी होती.

शिवाय वडिलांच्या धाकाने कमावलेली एक विद्या त्याच्यापाशी होती. पाठ ताठ, डोळे मिटलेले, ओठ हलते आणि आत गाढ झोप. चिमटीत एक बटण धरायचं. झोप फार खोल गेली की चिमूट सुटते, बटण टिक करून पडतं आणि मान कलंडायच्या आत जाग येते. एवढ्या वर्षांनीही विद्या गंजली नव्हती.

"आजोबा, तुम्ही किती रमता हो!" नात म्हणायची. शिंपी लाजून सुईत दोरा ओवायचा. डब्यातली बटणं कमी होताहेत, हेही त्याच्या लक्षात आलं. पण लेक नेत असेल, असं म्हणून त्याने सोडून दिलं.

मग एक दिवस नात म्हणाली, "उद्या माझ्या मैत्रिणी येणारेत. तुम्हाला बघायला."

पोरींसमोर घोरलो तर? नात पुन्हा 'हं'वर जाईल. उद्या खरीखुरी प्रार्थना करायची, जागेपणी, असं शिंप्याने ठरवलं.

जागेपणी प्रार्थना फार अवघड निघाली. आधी नाक खाजलं, मग गुडघा करकरला, मग एका गिऱ्हाईकाची उलटी लावलेली बाही आठवली.

"हे रमतात?" एक पोरगी कुजबुजली. "हे तर डास मारतायत." मग पोरींनीही डोळे मिटले.

नात मात्र ताठ बसली होती, ओठ हलत होते. शिंप्याचा ऊर भरून आला.

टिक.

शिंप्याने चिमूट चाचपली. त्याचं सवयीने धरलेलं बटण जागेवर होतं. डब्यातलं दुसरंच एक चार भोकांचं बटण नातीच्या सुटलेल्या बोटांखालून घरंगळत मैत्रिणींकडे निघालं होतं. नात दचकून डोळे चोळत होती.

"काय पडलं?" मैत्रिणींनी डोळे उघडले.

"माझं! माझं!" शिंपी ओरडला. "जरा डोळा लागला." खात्री पटावी म्हणून त्याने घोरूनही दाखवलं, जरा उशिराच. पोरी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. आजोबांचं मोठेपण तिथेच संपलं.

त्या गेल्यावर नात त्याच्या मशीनपाशी येऊन बसली.

"देवावर माझं खरंच मन आहे, आजोबा. फक्त पहाटे नसतं."

"मग बटणाचं कुणी शिकवलं?"

"तुमचं पहिल्याच दिवशी पडलं होतं. तरी तुम्ही गाढ झोपलेले. मीच परत हातात ठेवलं." तिने डबा पुढे ओढला. "चार भोकांचं लवकर निसटतं. उद्या आपण दोघं कोटाचं मोठं घेऊ."