कोरं लायसन

"आबा, तुमचं लायसन तर कोरं करकरीत आहे. बारा पॉइंट चढले तर काय बिघडतंय?" नझ्रीने फोन बापापुढे सरकवला. "गाडी तुम्ही चालवत होता, एवढंच लिहायचं."

लाल दिवा नझ्रीने तोडला होता. पण गाडी बापाच्या, म्हणजे जमारीच्या नावावर, म्हणून चालक कोण होता हे विचारणारी नोटीसही त्याच्याच नावाने बेडोकच्या घरी आली होती. सिंगापुरात दोन वर्षांत दंडाचे चोवीस पॉइंट भरले की लायसन निलंबित. नझ्रीचे बारा आधीच भरलेले. पार्सलची व्हॅन चालवून पोट भरणारा माणूस, त्यात बायकोला आठवा महिना.

जमारीने कॉफीत बुडवलेला टोस्ट तसाच राहिला. भिंतीवर, तो अजूनही जिची बस चालवायचा त्या शाळेच्या बसकंपनीचं प्रशस्तिपत्र होतं: सव्वीस वर्षं, एकही गुन्हा नाही. आल्यागेल्याला त्याची बायको कलसूम ते कौतुकाने दाखवायची. आणि दहा महिन्यांपूर्वी, तिचीच औषधं आणायला जाताना, या माणसाने लाल दिवा तोडला होता. दंड गुपचूप भरला, बारा पॉइंट गुपचूप घेतले. आणखी दोन महिने सरळ गेले असते तर ते पुसले जाणार होते. लाजेपायी मेल्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आता सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्याने तोंड उघडलंही.

"एवढा कसला विचार करताय?" कलसूम गॅसपाशी होती, तिथूनच म्हणाली. "पोरगा आहे तुमचा. त्या कोऱ्या लायसनचं काय लोणचं घालायचंय?"

जमारीने फोनवर अंगठा टेकवला.

निलंबनाचं पत्र आलं, तेव्हा नझ्री ते वाचत दारातच थांबला. "आबा, तुमचे आधीच बारा होते? मग बोलला का नाहीत?"

"तूच म्हणालास ना, कोरं आहे."

निलंबन बारा आठवड्यांचंच होतं. पण अडुसष्टाच्या म्हाताऱ्यासाठी कंपनी कशाला थांबतेय? बस दुसऱ्याला दिली. कलसूमने प्रशस्तिपत्र उतरवलं नाही, फक्त पाहुण्यांना दाखवायचं सोडलं.

शुक्रवारी नझ्रीच त्याला गाडीतून मशिदीत घेऊन निघाला. चौकात दिवा पिवळा झाला. नझ्रीने वेग वाढवला. शेजारी बसलेल्या जमारीचा उजवा पाय कचकन खाली दाबला गेला. खाली नुसती रबरी चटई.

"पिवळाच होता, आबा."

मशीद येईपर्यंत जमारीने पाय तसाच दाबून धरला.