नवव्या खाटेचं मंतरलेलं पाणी

वॉर्डाच्या दारात एवढी गर्दी, की स्ट्रेचर आत न्यायला वाट मिळेना. नवव्या खाटेवरचा पेशंट आज स्वतःच्या पायांनी घरी निघाला होता. त्याच खाटेवर आधी ओळीने चार जण ताप चढून दगावले होते.

"खाट झपाटलेली होती!" मालकांनी बोलावलेले मांत्रिक बाबा डोळे मिटून सांगत होते. "आत्मा महाहट्टी. म्हणाला, जात नाही. म्हटलं, बघतोच कसा जात नाहीस! हे मंतरलेलं पाणी हाताला चोळल्याशिवाय कुणी या खाटेला शिवायचं नाही. डॉक्टर असो, नाहीतर खुद्द मालक."

दवाखान्याचे मालक शेजारीच हात जोडून उभे.

मी इथल्याच प्रयोगशाळेत काम करते. दहाव्या खाटेवर माझा दादा होता. साधं हर्नियाचं ऑपरेशन. जखम चिघळली, विष अंगात भिनलं आणि काल तो गेला. मी त्याची पिशवी न्यायला आले होते. रडू येत नव्हतं, काहीच येत नव्हतं.

मी बाबांच्या पाण्याची बाटली उचलून हुंगली.

"काय आहे यात, बाबा?"

"श्रद्धा, पोरी!"

"अत्तर घातलेलं स्पिरिट आहे. काडी लावली तर तुमची श्रद्धा भडकेल. आत्मा-बित्मा काही नाही, आमच्या हातांवरचे जंतू आहेत. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे आम्हीच नेतो."

"अहो, पण गुण आला ना?" मालक म्हणाले.

मोठी सिस्टर मान खाली घालून बोलली, "मला पहिल्याच दिवशी वासावरून कळलं होतं. स्पिरिटसाठी मी तीनदा अर्ज दिला. मालकसाहेबांनी 'अनावश्यक खर्च' म्हणून फेटाळला. बाबांचं दहापट बिल एका दिवसात पास! मग मी गप्प बसले. निदान हात तरी स्वच्छ होतील म्हटलं."

"आणि दहावी खाट?"

"बाटली नवव्या खाटेपुरतीच मंजूर होती गं."

बाबांनी तेवढ्यात काढता पाय घेतला. दादाच्या शेवटच्या नऊ दिवसांच्या औषधांच्या पैशात सगळ्या वॉर्डाला वर्षभर स्पिरिट आलं असतं. हे मी मालकांना सांगितलं. ते घड्याळाकडे बघत होते.

तुमचं माणूस दवाखान्यात असेल, तर त्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाला विचारा, हात स्वच्छ केलेत का? डॉक्टर रागावले तर रागावू देत. मी विचारलं नाही. सगळे ओळखीचे, रोज सोबत चहा पिणारे. मला लाज वाटली.