ऐकायची सीट

ऑर्लेटा रॅटलिफनं गाडी अंगणात उभी केली, इंजिन बंद केलं आणि दार हळूच लोटून आत आली. मला तिथंच काहीतरी खटकलं. ही बाई चिडली की दार आपटते. तिला स्वतःला ऐकू येत नाही, पण आम्हाला येतं हे तिला पक्कं ठाऊक असतं. आज तिनं किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, "गाडी मेली."

डेल्मरनं ग्राइंडर थांबवला. वर्कशॉप त्याचं. मी म्हातारा त्याच्याकडे वेल्डिंग करतो. तो मला काका म्हणतो, पण नात्यानं आम्ही कुणीच नाही.

"मेली कशी, मिस ऑर्लेटा? आत्ता चालवत आणलीत ना?"

"मेलेलं माणूससुद्धा गाडीतूनच नेतात."

डेल्मरचा चेहरा पडला, आणि पडणारच. गाडी आम्ही आदल्या आठवड्यातच तिच्या हवाली केली होती आणि त्यापायी सगळा उन्हाळा घालवला होता.

हिरवी प्लिमथ, सत्तर सालची, दोन दारांची. इंजिन एवढं की बॉनेट उघडलं की लहान मुलं मागं सरकतात. ऑर्लेटा तरुण होती तेव्हापासून दर ऑक्टोबरात बक नॉब डोंगराच्या चढाच्या शर्यतीत हीच गाडी पळवते. खालच्या पुलापासून वरच्या टॉवरपर्यंत, एकेक गाडी, घड्याळ लावून. वसंतात शर्यतवाल्यांचा तपासनीस आला. त्यानं गाडीखाली वाकून स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, तर तो पत्र्यात केकमध्ये जावा तसा गेला. त्या गाडीला खाली वेगळा चासी नसतो. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा, आणि तो गंजून गेला होता. "खालून नवी केल्याशिवाय वर सोडणार नाही," तो म्हणाला.

मग आम्ही ती खालून नवी केली. चौकोनी पाइपांचा पुरा चासी, मागचे स्प्रिंगचे पाटे काढून चार दांड्यांवर बसवलेला एक्सल, चारी चाकांना नवे शॉकअप आणि स्प्रिंग. बॉडी आणि चासी यांच्यामध्ये जाड रबर. एका कोपऱ्याला जॅक लावून गाडी उचलली तरी दार एका बोटानं लागायचं. आधी असं उचललं की दार अडकून बसायचं, इतकी ती पिळवटायची. डेल्मरनं ते दार येईल त्याला उघडून-लावून दाखवलं. पोस्टमनलासुद्धा.

"काय खटकतंय ते तरी सांगा," डेल्मर म्हणाला. बोलता बोलता तो हत्यारं उचलायला वळला.

"तोंड दाखवून बोल!" ऑर्लेटा ओरडली.

तो वळला. "काय खटकतंय?"

"ती बोलत नाही."

नवव्या वर्षी तापात तिचे कान गेले. बोलते नीट, आवाज फक्त सपाट. समोरच्याचे ओठ वाचते. गिअर ती दांड्यातल्या थरथरीवरून बदलते, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्यापलीकडे काही असेल असा विचार कुणी केला नव्हता.

"नव्या चासीची सवय व्हायला वेळ लागतो," डेल्मर म्हणाला. "मी चालवली ना! लोण्यासारखी वळते."

"लोणीच झालंय. काल सॉमिलच्या वळणावर मागची चाकं सरकली. सरकून झाल्यावर मला कळलं. पूर्वी सरकायच्या आधीच कळायचं." ती माझ्याकडे वळली. "आर्लिस, त्या डोंगरावर वळणावळणाला माणसं उभी असतात. पोरं खांद्यावर घेऊन. चाकं कधी सुटणार ते मला कळत नसेल तर मी वर जाणार नाही. या वर्षी नाही, आणि मग कधीच नाही."

हे ती रडून-बिडून बोलली नाही. दूध संपलंय म्हणावं तसं म्हणाली. पण किल्ली खिळ्यावर होती आणि शर्यत पुढच्या शनिवारी.

मला झोप लागेना असं म्हणणार नाही, मी छान झोपलो. पण सकाळी पावासारख्या मऊ बिस्किटांवर ग्रेव्ही ओतून घेताना डोक्यात तेच. गाडीत आधी असं काय होतं, जे आम्ही काढून टाकलं? गंज तर सगळा काढला. गंज बोलतो का?

जेवणाच्या सुट्टीत मी तिच्या दुकानात गेलो. ती सीट आणि सोफे शिवते. आजूबाजूच्या तीन परगण्यांत तिच्याएवढी मऊ गादी कुणी भरत नाही. मी समोर उभा राहून विचारलं, "चाक सुटणार हे तुला कशावरून कळायचं?"

"तुझी बायको चिडलीय हे तुला कशावरून कळतं?"

"ताटं आपटते तेव्हा."

"हां. या गाडीत आता कुणी ताटं आपटत नाही."

परत आलो तर डेल्मर तिच्या गाडीत बसून रेडिओ ऐकत होता. "काका, या आत. दार लावा. बघा कशी शांत आहे, चर्चसारखी! मॅटचा परिणाम."

"कसली मॅट?"

"ती काळी जाड मॅट. आवाज मारायची. सगळ्या फरशीला, दारांच्या आत, मागच्या पत्र्यालाही चिकटवली. पैसे नाही घेतले, माझ्याकडून भेट. महाग असते."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो माझ्याकडे. मग त्याचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला.

"काका."

"बोल."

"मी बहिऱ्या बाईला आवाज बंद करून दिला?"

"भेट म्हणून दिलास," मी म्हणालो. "महागातली."

ऑर्लेटाला सांगितलं तेव्हा ती मशिनवर डोकं टेकून हसली. मग तिनं त्याला सफरचंदाचा केक दिला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी आंधळ्याच्या गाडीला काळ्या काचा लाव."

मॅट निघता निघेना. गरम हवेनं मऊ करायची आणि पातं घालून खरवडायची. दुसऱ्या दिवशी दुपारी फरशीचा नागडा पत्रा दिसला तेव्हा डेल्मरची बोटं भाजलेली होती आणि तोंडातून येणारे शब्द चर्चमधले नव्हते. ऑर्लेटानं एक चक्कर मारली.

"इंजिन आलं," ती म्हणाली. "गिअरचा दांडाही आला. मागची चाकं अजून नाहीत."

डेल्मर स्टुलावर बसला. "मग अजून काय काढू? छप्पर?"

तेव्हा मी कपाटातली कानावरची झापडं काढली, निशाणबाजीला वापरतो ती. कानात कापसाचे बोळेही घातले. तिच्या शेजारी बसलो आणि खूण केली, चल.

सॉमिलच्या रस्त्यावर तिनं गाडी अशी काढली की माझी टोपी मागच्या सीटवर गेली. मी कान बंद करून डोळे वटारून बसलो होतो. काही कळेना. झाडं जाताना दिसत होती, एवढंच. ती मध्येच थांबली आणि मला झापडं काढायला लावली.

"तू बघतोयस," ती म्हणाली. "बघू नकोस. नुसता बस."

झापडं पुन्हा चढवून डोळे मिटून बसलो. हळूहळू इंजिन पायाच्या तळव्यांत आलं. पुढची चाकं दाराच्या कडेनं कोपरात आली. पण मागून काही नाही. मागची गाडी जणू दुसऱ्याच कुणाची होती. शिवाय माझी सीट मऊ होती, शेजारच्यासाठी तिनं शिवलेली. गाडी थांबली तेव्हा मी तिच्या सीटकडे पाहिलं. वर्षानुवर्षं पाहिलेली सीट, पण नीट बघितली ती तेव्हा. लोखंडी चौकट, त्यावर कातडं, आणि मध्ये बोटभर जाडीचा नमदा. लोक त्या सीटला चर्चचं बाकडं म्हणून हसायचे.

मी झापडं काढली. "ऑर्लेटा, सगळ्या जगाला ढगावर बसवतेस आणि स्वतः फळीवर का बसतेस?"

"ढग लोकांसाठी. ही ऐकायची सीट आहे."

"ऐकतेस कुठून?"

तिनं डाव्या ढुंगणावर थाप मारली. "इथं मागचं डावं चाक." मग उजव्यावर. "इथं उजवं. सुटण्याआधी ती गुणगुणतात, मग किरकिरतात. किरकिरली की मी पाय उचलते. आता हसू नकोस."

मी हसलो नाही. मी मनात जुनी गाडी उलटी करून बघत होतो. जुन्या पाट्यांचं पुढचं टोक फरशीलाच बोल्टनं बसवलेलं, तिच्या सीटच्या अगदी मागं. सीटचे बोल्ट त्याच फरशीत. चाकानं काही म्हटलं की पाट्यातून पत्र्यात, पत्र्यातून सीटमध्ये. मध्ये कुणी नाही. आणि आम्ही काय केलं? दांड्याच्या टोकाला रबरी बुश, चासी आणि बॉडीच्या मध्ये आणखी रबर. चाकाची गोष्ट तिच्यापर्यंत येईस्तोवर दोन दारं बंद.

डेल्मरला हे सांगितलं तर तो म्हणाला, "काका, बॉडीखालचं रबर काढलं तर पत्रे तडकतील."

"बॉडी राहू दे रबरावर. सीट चासीला बसवू. फरशीला भोकं पाडायची आणि चार पाय सरळ खालून वर आणायचे. दांड्यांच्या टोकाला रबराऐवजी पोलादी गोळ्याचे सांधे."

"दात हलतील हो त्यांचे!"

ऑर्लेटा त्याचे ओठ वाचत होती. "दात माझे आहेत," ती म्हणाली. "आणि त्यातले चार विकतचे."

सीटचे पाय मी स्वतः केले. दोन डाव्या पाइपावर, दोन उजव्या. जाड नळी, तळाला तिकोनी पट्ट्या. मग मी जे केलं ते कुठलाही वेल्डर करेल. डाव्या-उजव्या पायांच्या मध्ये एक आडवी नळी जोडली. दोन नळ्या शेजारी उभ्या दिसल्या आणि त्या एकमेकींना जोडल्या नाहीत तर आमच्या हाताला खाज सुटते. डेल्मरनं टाके बघून मान डोलावली. सुंदर काम.

ऑर्लेटा चक्कर मारून आली. "चाकं आली," ती म्हणाली. आम्ही टोप्या उडवणार तेवढ्यात: "पण दोघी एकदम बोलतात. चर्चबाहेरच्या बायकांसारख्या. कोण काय म्हणतेय कळत नाही."

डेल्मरनं माझ्याकडे पाहिलं. मी आडव्या नळीकडे. डावीकडची बातमी त्या नळीतून उजवीकडे जात होती आणि उजवीकडची डावीकडे.

"ती कापावी लागणार," मी म्हणालो.

"काका, ती नळी काढली तर सीट हलणार नाही ना? तपासनीस लाथ मारून बघतो."

"प्रत्येक बाजू तिच्या तिच्या पाइपाला आणखी भक्कम करतो. तिकोन मोठा करतो. पण दोघींची गाठ नको."

स्वतःचं चांगलं वेल्डिंग कापायला हात लवकर उचलत नाही, पण कापलं. कडा घासल्या, दोन्हीकडचे तिकोन वाढवले. डेल्मर चढून सीटवर नाचला, मग मी दोन लाथा घातल्या. जागची हलली नाही.

शुक्रवारी दुपारी ती एकटीच गेली. आम्ही बाहेर बाकावर थंड मांसाचं बलोनी सँडविच खात बसलो. आधी गाडीचा आवाज सॉमिलकडून आला, मग वरच्या वळणावरून, मग बराच वेळ काही नाही.

"उलटली असेल," डेल्मर म्हणाला.

"गप खा."

आवाज परत आला. गाडी अंगणात शिरली. इंजिन बंद झालं. ऑर्लेटा उतरली आणि दार धाडकन आपटलं. डेल्मरचं सँडविच मांडीवर पडलं.

"मागचं उजवं," ती म्हणाली. "वरच्या बाजूला काहीतरी सैल आहे. डावी नीट गुणगुणते, उजवी दर खड्ड्याला टक् म्हणते."

"शक्यच नाही. सगळे नट मी पान्यानं आवळलेत."

"बघ ना मग."

जॅक लावला, डेल्मर पाठीवर झोपून आत सरकला. त्याचे फक्त बूट बाहेर. खालून काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं.

"काका," तो खालून म्हणाला, "वरच्या दांड्याचा नट. पाव आटा सैल आहे. पाव! हे त्यांना कसं कळलं?"

ऑर्लेटानं त्याच्या बुटाला लाथ घातली. "तोंड दाखवून बोल."

तो सरकत बाहेर आला. कपाळाला ग्रीस. "पाव आटा सैल होता, मिस ऑर्लेटा. चुकलंच."

"मग उद्या मी वर जाऊ की नको?"

"ते तुम्ही सांगायचं."

"तो नट आवळलास की जाते," ती म्हणाली आणि आत जाऊन खिळ्यावरची आपली किल्ली काढली, खिशात टाकली. एवढे दिवस चकरा ती वर्कशॉपमधल्या किल्लीनंच मारत होती.

"जरा थांब," मी डेल्मरला म्हणालो. "आवळू नकोस अजून. मलाही ऐकून बघायचंय."

मी झापडं आणली, बोळे घातले आणि तिच्या सीटवर बसलो. डोळे मिटले. ऑर्लेटाला खूण केली. ती मागं गेली, लाकडी हातोडा घेतला आणि चाकावर मारू लागली. कधी या, कधी त्या. मला सांगायचं होतं कुठलं.

थंड कातडं, खाली चौकट. पहिली थाप मला मुळीच कळली नाही. दुसरी पाठीत कुठंतरी विरली. तिसऱ्या थापेला खाली एका बाजूला बारीक काहीतरी झालं, मांजर पायाला घासून जावं एवढंच.

मी झापडं काढली. "डावं!"

ती उजव्या चाकापाशी उभी होती, हातोडा खांद्यावर.

"झापडं पुन्हा घाल," ऑर्लेटा म्हणाली. "आणि श्वास सोड. श्वास धरलास की काही ऐकू येत नाही."