लाल रिंगण

…भाकरीच्या पाठीवर लाल शाईचा एक तुकडा उमटला होता, नखाएवढा वाकडा, आणि त्याच्या पोटात दोन-चार उलटी अक्षरं. गरम भाकरी कधी रद्दीवर टाकायची नाही, आधी फडक्यावर निवू द्यायची आणि मगच कागदात बांधायची, हा शालूबाईंचा पंधरा वर्षांचा नेम. शिरोलीच्या फाउंड्रीत जाणारी माणसं त्यांच्या भाकरीला नावाजत ती उगीच नाही. आज मात्र हातातली भाकरी तव्यावरून उचलली ती सरळ कागदावर गेली, कारण डोळे कागदावरच होते — शहर बंदच्या दुसऱ्या दिवशीचा पेपर तीन आठवड्यांनी रद्दीच्या गठ्ठ्यातून फिरून घरी आला होता. नको असलेला पाहुणा असाच येतो, मागच्या दारानं.

"शालू, कुठं हाईस?" जोडीला भाकरी थापणाऱ्या झुंबरबाई म्हणाल्या. "ती भाकरी कुत्र्याला घाल आता. शाई खायाला घालतीस व्हय लोकांस्नी?"

"ठेव बाजूला."

'माथेफिरू तरुणांचा धुडगूस'. त्याखाली फोटो. धूर, पळणारी माणसं आणि मधोमध लाल रिंगणात त्यांचा यशराज, दोन्ही हात डोक्यावर, बोटं फाकलेली, आणि बोटांपासून वीतभर अंतरावर हवेत थांबलेला दगड. खाली लिहिलेलं — दगडफेक करताना एक तरुण. एक तरुण! गोवरात नऊ दिवस मांडीवर घेऊन बसले, शेपूच्या भाजीला नाक मुरडतो म्हणून भाकरीत लपवून चारली, त्याचं नाव एक तरुण? टीव्हीवर तर तेच बारा सेकंद दिवसभर फिरवले. दर फेरीला त्याचे हात वर जायचे. मग पोलिसांनी बोलावलं, दोन तास बसवलं, सगळं चित्रण बघून सोडून दिलं. सोडून दिल्याचं मात्र कुठं छापून आलं नाही.

पोलिसांनी सोडलं त्या संध्याकाळी तो आला तो चपला न काढताच आत. पेपर परातीशेजारी पसरला.

"दगड येत हुता गं माझ्याकडं. मागं चहाची गाडी, म्हातारी बसलेली… म्हणून हात वर गेलं. गोलकीपरचं हात हाईत, आपसूक जात्यात. कोण न्हाय ऐकत. तू तरी सांग, आई. तुला काय दिसतंय?"

आणि शालूबाईंनी पेपर उचलला आणि खिडकीशी उजेडात नेला.

एवढंच. उजेडात धरून दुसऱ्यांदा बघितलं, बस्स. मागं वळल्या तर तो त्यांच्याकडं बघत होता, पेपराकडं नव्हे. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं… का नेला मी तो खिडकीत? आईला उजेड कशाला लागतो?

सकाळच्या एसटीनं तो गगनबावड्याला मामाकडं गेला. मामाचा फोन येतो — "ताई, जेवतोय, म्हशी धुतोय. फोन हातात दिला की उठून जातोय. राहू दे थोडं दिस."

"वैनी, धा बांधा," दारात बाळासो उभा होता. फाउंड्रीतला जुना माणूस, काळी पडलेली पिशवी पुढं करत. "पोरगं कवा येतंय?"

"येईल की."

"ह्यो फोटो आल्यापास्नं आमच्या शिफ्टची पोरं बघा. पेपर आला की आधी आपलंच थोबाड शोधत्यात. न्हाय सापडलं की मगच चहा पित्यात." तो हसला, मग त्याला ते हसू कुठं ठेवावं कळेना. भाकरी घेऊन गेला.

थापता थापता, पिठाच्या डब्यावरच्या भिंतीकडं त्यांची नजर गेली. तिथंही यशराजच होता, दोन वर्षांपूर्वीचा, प्लास्टिकमध्ये मढवलेला. पेठेच्या संघाची मॅच, दोन्ही हात वर, बोटं फाकलेली आणि बोटांपासून वीतभर अंतरावर चेंडू. 'अप्रतिम झेप घेत गोल वाचवताना यशराज'. त्या दिवशी अकरा पेपर विकत आणले, गल्लीत पेढे वाटले. आणि हा खुर्चीवर पोट धरून हसत होता — "आई, त्यो गोल झालता की! बोटाला घासून आत गेला. पेपरवाल्यानं वाचीवला!"

"गप. छापलंय ते खोटं असतंय व्हय?" कोण म्हणालं होतं हे?

हात परातीतच थांबले… गोल झाला होता. सगळ्या गल्लीत कौतुक चाललेलं असताना, पेढा तोंडात असताना, त्यानं सांगितलं होतं की गोल झाला होता. तो कागद कुणी खिडकीत नेला नाही. थेट भिंतीवर गेला.

तवा तापून धूर सोडू लागला. झुंबरबाईंनी जाळ कमी केला. आणि कुठून कोण जाणे, थापण्याच्या ठेक्यावर शालूबाईंच्या ओठाशी दोन ओळी आल्या —

लाल गं रिंगणात, कुणी कोंडिला माझा राघू
उंबऱ्याला टेकून हात, त्याची वाट किती बघू…

बाजूला ठेवलेली ती भाकरी त्यांनी मोडली. लाल तुकडा होता तिथूनच. उभ्यानंच खाल्ली, कोरडी, सावकाश. शाईची चव लागली नाही. थोडी करपल्याची लागली.

"येडी का काय," झुंबरबाई पुटपुटल्या. मग पिठाचे हात झटकत पुढं झाल्या. "आण इकडं त्यो पेपर. खिडकीशी धर जरा, बघू तरी पोरगं कसं दिसतंय."

"नको," शालूबाई म्हणाल्या. "हितनंच दिसतंय."

म्हणाल्या आणि स्वतःच्याच आवाजानं दचकल्या. किती सोपं होतं ते म्हणायला. चुलीपाशी, अर्ध्या अंधारात, फोटोकडं धड न बघता. तीन आठवडे उशिरा. ज्याला ऐकायचं होतं तो घाटमाथ्यावर कुठंतरी म्हशीच्या पाठीवर पाणी ओतत असेल. परातीतलं पीठ सुकत चाललं होतं, त्यावर पाण्याचा हबका मारायला हवा होता. पण त्यांचे दोन्ही तळवे तसेच हवेत राहिले, बोटं फाकलेली, काहीतरी वीतभर अंतरावर आल्यासारखे.