'वक्तशीर'चा पुरावा

बाबांकडे बघून लोकांनी घड्याळं लावावीत, असा त्यांचा लौकिक. शब्दकोशाचे सहा खंड काढले, सहाही ठरल्या तारखेला. आता त्यांची खुर्ची लेकीकडे आली होती, आणि आज पाच वाजता सुधारित आवृत्तीची पानं छापखान्यात जायची होती.

तपासायचा एकच शब्द उरला होता, 'वक्तशीर'. 'वक्त' अरबीतला, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि 'शीर' लागून कायदेशीर, पद्धतशीर यांच्या पंगतीत जाऊन बसला; इथवर सगळं सरळ होतं. सर्वात जुना वापर म्हणून बाबांनी एका जुन्या पत्रातलं वाक्य दिलं होतं: 'स्वार वक्तशीर पोहोचला.' मास्तर मंडळी अजून तेच फळ्यावर लिहितात.

लेक महाचिकट. मूळ पत्र बघितल्याशिवाय तिला चैन पडेना. कपाटातून काढून तिने ते भिंगाखाली दोनदा वाचलं. 'वक्तशीर' त्यात कुठेच नव्हता. एवढंच काय, घोडा वाटेत मेल्यामुळे तो स्वार पोहोचलाच नव्हता! ती तडक घरी गेली.

बाबा आरामखुर्चीत पेपर वाचत होते.

"बाबा, हे वाक्य कुठून आणलंत?"

त्यांनी सावकाश चष्मा पुसला. "दुसऱ्या दिवशी छपाई होती. पुरावा काही मिळेना. मग मीच लिहिलं."

"तुम्ही?" तिचा कानांवर विश्वास बसेना. निबंधात एक ओळ ढापली म्हणून याच माणसाने तिला शंभर उठाबशा काढायला लावल्या होत्या.

"एवढं एकच ना?" ती जवळजवळ गयावया करत म्हणाली.

बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. "प्रत्येक खंडाच्या शेवटच्या आठवड्यात, बाळ. मोजली नाहीत."

तिला संताप आला, रडूही आलं. वाटलं, गप्प बसावं. झाकली मूठ सव्वा लाखाची; पानं गेली की बाबांचं नाव राहील. पण हात फोनकडे गेलाच.

"छपाई थांबवा."

"थांबवू?" छापखानेवाला हबकलाच. "ताई, तुमच्या घराण्याकडून हे पहिल्यांदा ऐकतोय. बरं, नवी तारीख सांगा."

या घरात कुणी तारीख मागितली आणि मिळाली नाही, असं कधी झालं नव्हतं. तिने बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"माहीत नाही," ती म्हणाली. "सहाही खंड पहिल्या पानापासून तपासायचे आहेत."